गोष्ट आणि निकाल

दिवाळीच्या फराळाबरोबर एखादा खून लागतोच, असे आमचे वडील म्हणत. अंक हातात पडला की ते प्रथम अनुक्रमणिकेत रहस्यकथा शोधीत, आणि ती सापडली की चकल्यांची बशी घेऊन खिडकीशी बसत. तेव्हा मीही खुनापासूनच सुरुवात करते. मात्र या गोष्टीत खून कोणी केला हे पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते ही हकीकत ऐकून निकाल देणाऱ्या माणसांविषयी, आणि त्या निकालावर आपण पुढे नाटक-सिनेमांचे जे मजले चढवले त्यांविषयी.

२७ एप्रिल १९५९ ची दुपार. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी आपले संबंध असल्याचे कबूल केले. नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहाशी सोडले. मग ते आपल्या बोटीवर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, अशी सबब सांगून त्यांनी तेथून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. आहुजांच्या कचेरीत चौकशी केली. ते तेथे नव्हते, म्हणून त्यांच्या घरी गेले. शयनगृहाचे दार बंद झाले आणि आत तीन गोळ्या सुटल्या. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते. अंगावर एक टॉवेल तेवढा होता. नानावटी खाली उतरले आणि आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीपुढे हा खटला चालला. बचावाचे म्हणणे असे की, पत्नीशी लग्न करून मुलांना सांभाळणार का, एवढेच विचारायला नानावटी गेले होते. उत्तर उर्मट मिळाले, झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या सुटल्या. नऊपैकी आठ ज्युरींनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहता यांना हा कौल मुळीच पटला नाही. त्यांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये नानावटींना जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. पुढे हे कुटुंब कॅनडाला गेले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी मुद्दाम मिळवून वाचला. त्यात माझ्या मनात रुतून बसली ती घड्याळाची गोष्ट. नानावटींनी घर सोडले दीड वाजता आणि आहुजा मेले चार वाजून वीस मिनिटांनी. मध्ये जवळजवळ तीन तास गेले. राग शांत व्हायला एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायमूर्ती म्हणतात. दुसरी गोष्ट टॉवेलची. दोन पुरुषांची झटापट होऊन पिस्तूल उडाले असते तर कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला? हा प्रश्न एखाद्या चतुर गृहिणीने विचारावा असा आहे. त्याला कायद्याचे शिक्षण लागत नाही. मग ज्युरीतील आठ माणसांना तो का पडला नाही?

याचे ठरीव उत्तर सर्वांना पाठ आहे. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू घेऊन एवढा गदारोळ केला की ज्युरीचे डोके फिरले. वृत्तपत्राचा प्रभाव पडला असेल, नाही असे नाही. परंतु वर्तमानपत्राला सगळा दोष देऊन आपण आपली सुटका फार लवकर करून घेतो असे मला वाटते.

या बाबतीत मला खरा उजेड मिळाला तो दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या निबंधांतून. त्यांची नावे नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी. मी मॅट्रिक, असले निबंध मला शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचावे लागतात, आणि आकड्यांची पाने भाच्याकडून समजावून घ्यावी लागतात. पण त्यांचा मुख्य सिद्धान्त कादंबरी लिहिणाऱ्या बाईला समजायला काहीच अवघड नव्हता. ते म्हणतात, ज्युरीतील माणूस पुराव्याचे तुकडे तराजूत घालून तोलत नाही. तो ऐकता ऐकता त्यांची गोष्ट जुळवतो. जिथे दुवा मिळत नाही तिथे स्वतःच्या अनुभवातला दुवा घालतो. आणि जी गोष्ट अधिक सलग जुळते तिच्या बाजूने कौल देतो.

१९८८ साली त्यांनी याची परीक्षा घेतली. दारूच्या गुत्त्याबाहेरचे भांडण, सुऱ्याचा वार, एक मृत्यू, असा खटला होता. पुरावा सगळ्यांना एकच ऐकवला. बदलला फक्त क्रम. एका गटाला फिर्यादीचा पुरावा घटना घडल्या त्या क्रमाने, म्हणजे गोष्टीसारखा सांगितला आणि बचावाचा पुरावा साक्षीदार येतील तसा विखुरलेला दिला. दुसऱ्या गटाला उलट. पहिल्या गटातील ७८ टक्के लोकांनी आरोपीला खुनी ठरवले. दुसऱ्या गटातील अवघ्या ३१ टक्के लोकांनी. शब्द तेच, साक्षी त्याच. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा टाकला. कथानकाची मांडणी, प्रसंगांचा क्रम, यांवर मी वर्गात आणि वर्गाबाहेर वीस वर्षे बोलत आले आहे. ते कसब माणसाला तुरुंगात टाकू शकते, हे मला कधी सुचले नव्हते.

आता नानावटी खटला पुन्हा पाहा. बचावाच्या हकीकतीत काय नाही? समुद्रावरून परतलेला उमदा अधिकारी, अश्रू ढाळणारी पत्नी, चित्रपटगृहात बसलेली अजाण मुले, खलनायकाचे उर्मट उत्तर, आणि शेवटी वीराने स्वतःहून पोलिसांपुढे उभे राहणे. पुरवठा करणाऱ्या प्रत्येक साक्षीने ही गोष्ट पुढेच सरकते. फिर्यादीकडे काय होते? वेळा, अंतरे, गोळ्यांच्या जखमा, बोटीच्या कोठारातील नोंद आणि एक टॉवेल. यांपैकी प्रत्येक वस्तू अधिक खरी होती. पण त्यांची गोष्ट होत नव्हती. आणि ज्याच्या तोंडून झाली असती तो माणूस मेला होता.

या खटल्यावरून ज्या कलाकृती झाल्या त्यांत मला हीच उणीव दिसते. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' आले. हिंदीत १९६३ साली 'ये रास्ते हैं प्यार के' निघाला, १९७३ साली गुलजारांचा 'अचानक', आणि २०१६ साली 'रुस्तम'. यांत मला जवळचा वाटतो तो 'अचानक'. त्यात एकही गाणे नाही. फाशीची शिक्षा झालेल्या जखमी माणसाला डॉक्टर जिवाचे रान करून वाचवतात, ते त्याला फासावर चढवता यावे म्हणून; या एका विसंगतीवर सगळा चित्रपट उभा आहे आणि प्रेक्षकाला कोणाची बाजू घ्यावी हे सांगितले जात नाही. 'रुस्तम'ने मात्र उलटा मार्ग धरला. मेलेला माणूस पुरेसा दुष्ट वाटणार नाही या धास्तीने त्यात संरक्षण खात्यातील लाचलुचपतीचे कारस्थान घातले, म्हणजे नायकाच्या गोळीला देशभक्तीचीही मान्यता मिळाली. सत्तावन्न वर्षांनी पुन्हा ज्युरी बसवली, पुन्हा तोच कौल घेतला, आणि या वेळी अडवायला न्यायाधीश मेहता नव्हते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे कबूल केले पाहिजे.

ज्युरी म्हटले की मराठी माणसाला दुसरे एक न्यायालय आठवावे. १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हाही ज्युरी नऊ जणांचीच होती: सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन असा पडला, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. लेख तेच, भाषण तेच. टिळक तर एकवीस तासांहून अधिक बोलले. तरी सातांनी एक गोष्ट ऐकली आणि दोघांनी दुसरी. या खटल्यात मला, भाषेच्या शिक्षिकेला, सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाषांतराचा वाद. 'केसरी'तील लेख ज्युरीपुढे गेले ते इंग्रजीत. आणि भाषांतरात आपल्या शब्दांचा अर्थ विपर्यस्त झाला आहे, हे टिळकांनी शब्दाशब्दाला धरून दाखवले. मराठी न जाणणाऱ्या माणसांनी मराठी लेखाच्या हेतूवर कौल दिला!

एका शब्दाने काय होते याचाही शोध पुढे शास्त्रज्ञांनी घेतला. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही लोकांना मोटार-अपघाताची चित्रफीत दाखवली. मग वेग विचारला. काहींना विचारले, मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, एकमेकींना 'लागल्या' तेव्हा किती होता. पहिल्यांनी सरासरी ताशी एकेचाळीस मैलांच्या आसपास सांगितला, दुसऱ्यांनी बत्तीसच्या. चित्रफीत एकच होती. त्या दिवसापासून मी मुलांना समानार्थी शब्द शिकवताना थोडी अडखळते.

इथे मला माझ्या स्वतःच्या एका निकालाविषयी लिहिणे भाग आहे. पूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. सातवीच्या वर्गाची सहल निघायची होती आणि जमलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणात होते. मधल्या सुट्टीनंतर पाकीट सापडेना. वर्गात सुट्टीत एकच मुलगा मागे राहिला होता. तो तुर्भ्याच्या वस्तीतून येई. डबा आणत नसे म्हणून बहुधा वर्गातच बसून राही. त्याचे सहलीचे पैसे आले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायांत नवी चप्पल होती. मला आणखी काय हवे होते? प्रसंग क्रमाने लागले होते, हेतू होता, संधी होती, शेवटी चप्पलही होती. मी मुख्याध्यापकांपुढे ती हकीकत सांगितली तेव्हा ती फार चांगली सांगितली. मला सांगता येते. तो मुलगा काही बोलला नाही, आणि त्याचे न बोलणेही मी गोष्टीत घालून टाकले. चार दिवसांनी तो शाळेत यायचा बंद झाला.

पाकीट दिवाळीच्या सुट्टीनंतर सापडले, हजेरीपटाला घातलेल्या जाड कागदाच्या वेष्टणात. तिथे ते मीच सरकवलेले असणार. मी तुर्भ्याला गेले. त्या घरात दुसरे बिऱ्हाड होते. आधीची माणसे कामाच्या मागे कुठे गेली ते शेजाऱ्यांना सांगता आले नाही. चपलेचे कोणाला विचारायचे धैर्य झाले नाही.

हे झाल्यावर मी तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुन्हा वाचले. १९६७ सालचे हे नाटक आपण बहुधा बेणारेबाईंच्या वाट्याला आलेल्या छळाचे नाटक म्हणून पाहतो, आणि ते तसे आहेच. वेळ घालवायला मांडलेल्या अभिरूप न्यायालयात एका शिक्षिकेवर लटका आरोप ठेवला जातो आणि बघता बघता खेळ खरा होतो. पण या वाचनात माझे लक्ष खिळले ते सामंतावर. सामंत हा त्या गावचा साधा, भाबडा माणूस. त्याला बेणारेबाईंविषयी काहीएक ठाऊक नाही. साक्ष द्यायला उभा केला तेव्हा तो काय करतो? हातातल्या कादंबरीतला प्रसंग सांगून देतो. त्याच्या मनात तिळमात्र वाईट नाही. पण नेमका तोच प्रसंग सर्वांच्या मनातल्या गोष्टीत चपखल बसतो, आणि त्या क्षणापासून चेष्टेची धार बदलते. पेनिंग्टन आणि हेस्टी यांनी प्रयोगशाळेत जे दाखवले ते तेंडुलकरांना वीस वर्षे आधी एका सस्त्या कादंबरीच्या साह्याने दाखवता आले. समीक्षकांनी काशीकर आणि सुखात्मे यांच्या क्रौर्यावर पुष्कळ लिहिले आहे. मला सामंताची भीती अधिक वाटते. काशीकर मी नाही, असे मी स्वतःला सांगू शकते.

या उलट चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा 'कोर्ट' हा चित्रपट. तिथे गोष्ट रंगतच नाही. एका वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला. आणि न्यायालय मात्र तारखा देत, कागद वाचत, जांभया देत चालते. एका बाईचा खटला तिच्या बिनबाह्यांच्या कपड्यांमुळे त्या दिवशी पुकारलाच जात नाही. काहींना हा चित्रपट संथ वाटला. संथ आहेच. पण नानावटींच्या न्यायालयाहून आमच्या बेलापूरच्या न्यायालयाशी त्याचे नाते कितीतरी जवळचे आहे, असे तिथल्या बाकावर दोन दिवस काढलेला कोणीही सांगेल.

ज्याची गोष्ट सांगणारा कोणी नाही, किंवा ज्याची गोष्ट इतरांनी आधीच लिहून ठेवली आहे, त्याचे काय होते? आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा १९५२ पर्यंत उठला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना कायदा उठला म्हणून ती गोष्ट उठत नाही हे ठाऊक आहे. नाशिकजवळ २००३ साली एका कुटुंबावर भयंकर हल्ला होऊन पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले. सत्र न्यायालयाने सहांनाही फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहांनाही फाशी ठरवली. आणि मार्च २०१९ मध्ये, पुनर्विचारात, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहांनाही निर्दोष सोडले. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीलाच चार निराळ्या माणसांना ओळखले होते. ते न्यायालयापुढे कधी नीट आणलेच गेले नव्हते. सोळा वर्षे गेली. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अज्ञान होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. या खटल्यात ज्युरी नव्हती, हे लक्षात घ्या. सगळे कायदा शिकलेले होते.

म्हणून ज्युरी गेली हे बरे झाले, असे जे सरसकट म्हटले जाते त्याविषयी मी साशंक आहे. आणि ती नानावटींमुळे गेली हीही एक सुरेख गोष्टच आहे! वस्तुतः विधी आयोगाने १९५८ सालीच, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या एक वर्ष आधी, ज्युरी बंद करावी अशी शिफारस केली होती. नानावटींचा खटला हा शेवटचा ज्युरी-खटलाही नव्हे. देशात इतरत्र त्यानंतरही काही वर्षे ज्युरी बसत होत्या, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेने त्या संपवल्या. पारशी विवाहांच्या न्यायालयात तर आजही न्यायाधीशांबरोबर समाजातले लोक बसतात. पण 'एका खुनाने ज्युरी संपवली' हे वाक्य इतके सलग आहे की ते खोडायला कोणाला सुचत नाही.

संशोधकही याला अपवाद नाहीत. २०११ साली इस्रायलमधील कैद्यांच्या सुटकेच्या अर्जांवरचे हजाराहून अधिक निर्णय तपासून काही विद्वानांनी दाखवले की, खाणे झाल्यावर न्यायाधीश जवळजवळ पासष्ट टक्के अर्ज मान्य करतात आणि पुढच्या सुट्टीपर्यंत हे प्रमाण शून्याजवळ येते. भुकेला न्यायाधीश! ही हकीकत जगभर झाली. मीही ती शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासताना दोनदा सांगितली. लगेच त्याच वर्षी इतर अभ्यासकांनी दाखवून दिले की अर्जांचा क्रम यदृच्छ नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज बैठकीच्या शेवटी येत. ही दुरुस्ती मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. आज सांगते आहे.

गेली तीन वर्षे मी एक कादंबरी लिहायचा प्रयत्न करते आहे. तिचा नायक नानावटींच्या ज्युरीतला नववा माणूस, जो आठांबरोबर गेला नाही. बंद खोलीत ते काय बोलले याची नोंद नसते. तो कोण, काय करणारा, मला माहीत नाही, आणि मुद्दाम शोधलेले नाही. पहिल्या खर्ड्यात मी त्याला घड्याळजी केले, म्हणजे ते तीन तास त्याला खटकावेत. फार सोयीचे झाले, म्हणून फाडले. दुसऱ्यात त्याच्या बहिणीच्या संसारात काहीतरी घडवले, तेही फाडले. सध्याच्या खर्ड्यात चाळीस पाने झाली आहेत, आणि तो अजून खोलीत बसून टॉवेलविषयी विचारतो आहे. बाकीचे आठ त्याच्याकडे पाहून हसतात, एक जण चहा मागवतो, आणि तो पुन्हा तेच विचारतो. का विचारतो, ते मी त्याला अजून सांगू दिलेले नाही.